शब्द टाकायचं ॲप

मी तिसरी पास आहे. चौथीत मास्तरचं आणि माझं पटलं नाही, म्हणून मी शाळेला काढून टाकलं. पण लिहिता येतं, वाचता येतं, आणि आमच्या भागातल्या चाळीसेक विहिरी मी दगडात बांधल्यात. त्यातली एकही कुणाला विचारून बांधली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं माझी जरा फजिती आहे, आणि फजिती सांगायच्या आधी माणसानं आपली किंमत सांगून ठेवावी.

गुडघे गेल्यापासून मी ओट्यावर बसतो. पण बसून राहिलेला माणूस रिकामा असतो असं कुणी समजू नये. गावात कुणाला माणूस पाहिजे असला की तो माझ्याकडं यायचा. "आबा, कडब्याची गंजी रचायला कुणाला सांगू?" मी म्हणायचो, "त्या धाकट्याला घेऊ नको, तो वाऱ्याची दिशा बघत न्हाई. थोरल्याला घे, पण त्याला सकाळी घे, जेवल्यावर तो कामाचा राहत न्हाई." झालं. माणूस जायचा, काम व्हायचं. कुणाचा हात कशात बसतो आणि कुणाची नियत किती वाजता फिरते, हे सगळं माझ्या डोक्यात.

आणि मग आमच्या सूनबाईनं तेच काम फोनमध्ये घातलं.

माझा लेक परळीला थर्मलच्या वीजकेंद्रावर ठेकेदाराकडं असतो, शनिवारी घरी येतो. सून कॉम्प्युटर शिकलेली. लग्नाआधी पुण्यात नोकरीला होती, आता घरी बसूनच बीडच्या एका संस्थेचं काम करते. एक दिवस सकाळी तिनं चहासोबत फोन माझ्यासमोर ठेवला.

"मामा, हे बघा. काम जुळवायचं ॲप. मी बनवलंय. ज्याला काम पाहिजे त्यानं इथं भरायचं, ज्याला माणूस पाहिजे त्यानं तिथं भरायचं. दोघांचं जुळलं की दोघांचा फोन वाजतो."

"आन् मी काय करायचं?"

"तुम्ही चहा प्या."

चहा मी प्यालो नाही. दुपारी प्यालो, ती शेजारी गेल्यावर.

हे ॲप कुणासाठी, ते सांगायला पाहिजे. चार वर्षांमागं वरच्या अंगाला तलाव झाला आणि त्यात एक गाव गेलं. त्या गावची माणसं सरकारनं आणून आमच्या गायरानावर बसवली. पत्र्याची घरं, एक हातपंप, एक बोर्ड. आमची गुरं ज्या रानात चरायची तिथं आता त्यांची पोरं खेळतात. गाव त्यांना तळ्यावाले म्हणतं. मी काहीच म्हणत नव्हतो, कारण मी त्यांच्याशी बोलतच नव्हतो. गायरान गेलं तेव्हा ग्रामसभेत मी उभा राहिलो होतो, माझं कुणी ऐकलं नाही, आणि मी म्हणालो होतो की या लोकांशी या जन्मात बोलणार नाही. बोललो ते बोललो.

त्या लोकांची जमीन पाण्यात गेलेली. हातात कला पण ओळख नाही. आमच्या गावाला माणसं पाहिजेत पण भरवसा नाही. ही दोन तोंडं एकमेकांकडं वळवायची, असं संस्थेच्या मनात होतं. सूनबाईच्या मदतीला त्यांनी वसाहतीतलीच एक बाई दिली, घरोघर फिरून लोकांची माहिती फोनात भरायला. तिशी-पस्तिशीची, बारीक अंगाची, बोलायला चुणचुणीत. तिची पोरगी यंदा दहावीला. आजवर वर्गात पहिली.

आणि सगळं अडलेलं होतं ते त्या पोरीवरच. पावसानं पोळ्यापासून दडी मारली होती. वसाहतीतली निम्मी घरं दसऱ्याला ऊसतोडीला जायच्या तयारीत होती. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, कारण दोघांनी मिळून एका माणसाइतकं मोजायची पद्धत आहे. ही बाई आणि तिचा नवरा आजवर कधी कोयता म्हणून गेले नव्हते. आता जाणार होते. आणि ती दोघं फडात गेली की पोरगी कोपीवर, म्हणजे फडाकडच्या पाचटाच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळायला आणि भाकऱ्या थापायला. दहावी मग कारखान्याच्या धुराड्यात.

"दसऱ्यापर्यंत काम लागलं तर ऱ्हाते, ताई," ती सूनबाईला म्हणाली. "न्हाई लागलं तर ट्रॅक्टरवर बसते. पोरीला मी तसं सांगून ठिवलंय."

मी ओट्यावरून ऐकत होतो. बोलत नव्हतो, पण कान काही मी ग्रामसभेत गहाण टाकले नव्हते.

ॲप सुरू झालं आणि मला बरेच दिवसांनी करमणूक मिळाली.

फॉर्मात एक रकाना होता, तुम्हाला काय काम चांगलं येतं. वसाहतीतल्या झाडून सगळ्यांनी सांगितलं, पडेल ते काम. आमच्या गावातल्या लोकांना विचारलं, कसा माणूस पाहिजे. सगळे म्हणाले, चांगला. आता फोन बिचारा काय करणार? त्यानं सगळ्यांचं सगळ्यांशी जुळवून टाकलं. दिवसभर टिंग टिंग. सरपंचाच्या घरी म्हैस धुवायला जो माणूस गेला तो निघाला रिटायर झालेला शाळामास्तर. त्यानं म्हशीकडं पाहिलं, म्हशीनं त्याच्याकडं पाहिलं, आणि तो सरपंचाच्या पोरांना तेराचा पाढा विचारून परत गेला. एकाला ट्रॅक्टरला ड्रायव्हर पाहिजे होता, तर वसाहतीतून ऐंशी वर्षांची म्हातारी आली. नवं लुगडं नेसून. "बसवा मला," म्हणाली, "पडेल ते म्हनलंय म्या."

सूनबाई कपाळाला हात लावून बसली.

"मामा, हसू नका."

"मी कुठं हसतोय? माझी कवळी सैल हाय."

"कुणीच नीट सांगत नाही हो. काय येतं विचारलं की खाली बघतात."

"मंग काय सांगावं? 'मी लई हुशार हाय' असं? अगं, जो सोताच्या तोंडानं सोताची तारीफ करतो त्याला आपल्याकडं कामाला कुणी बोलवतं का? दुसऱ्यानं शब्द टाकावा लागतो. तुझ्या लग्नाच्या टायमाला तुला सैपाक येतो म्हणून तुझ्या बापानं सांगितलं. तू सोता सांगितलं असतं तर आमी पोहे न खाता उठलो असतो."

"बापानं सांगितलं ते तरी कुठं खरं होतं?"

"ते मागून कळलं. पण आलो का न्हाई आमी वरात घेऊन?"

ती हसली, आणि कॉम्प्युटर घेऊन आत गेली. दोन दिवस माझ्या चहात साखर कमी पडली. तिसऱ्या दिवशी बाहेर आली आणि म्हणाली, "मामा, फॉर्म बदलला. आता कुणी स्वतःचा फॉर्म भरायचा नाही. दुसऱ्यानं भरायचा. खाली रकाना आहे, शब्द कुणाचा. ज्यानं शब्द टाकला त्याचं नाव सगळ्यांना दिसणार. काम बिघडलं तर नाव त्याचंही बिघडणार."

म्हणजे माझा ओटा तिनं जसाच्या तसा फोनात बसवला होता. मी म्हणालो, "ठीक हाय." आमच्या घरात याच्यापेक्षा मोठं कौतुक मी कुणाचं केलेलं नाही.

पण आमचं गाव ते आमचं गाव. शब्द टाकायची सोय झाली म्हटल्यावर लोकांनी आधी एकमेकांची खोडी काढून घेतली. कुणी मेव्हण्याच्या नावापुढं लिहिलं, झोपेत पटाईत. कुणी चुलत्याच्या नावापुढं लिहिलं, उधळलेला बैल धरण्यात तरबेज, आणि चुलता मांजराला भिणारा. मग मी तरी मागं का राहू? माझा एक जुना दोस्त आहे, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेला. रोज दुपारी माझ्याच ओट्यावर बसून मलाच शिकवतो. सूनबाई न्हाणीत होती तेवढ्यात मी तिचा फोन घेतला, एका बोटानं अर्धा तास खपलो, आणि त्याच्या नावापुढं लिहिलं: लग्नात रुसलेल्या पाहुण्याची समजूत काढण्यात पटाईत. शब्द माझा.

चौथ्या दिवशी वसाहतीतून त्याला बोलावणं आलं. खरंखुरं. तिथं ऊसतोडीच्या आधी उरकायचं म्हणून मुहूर्त न बघताच एक लग्न होतं, नवरदेवाचा मामा टोपीवरून रुसून गाडीत जाऊन बसला होता आणि उतरत नव्हता. कंडक्टर गेला. गाडीच्या दाराला दोन थापा मारल्या आणि म्हणाला, "चला, उतरून घ्या, ही गाडी पुढं जात न्हाई." तो मामा सवयीनं खाली उतरला. कंडक्टर पोटभर बुंदी खाऊन, टॉवेल-टोपी घेऊन संध्याकाळी माझ्या ओट्यावर आला.

"काय रे, तुला काय वाटलं, माझी फजिती होईल?"

"झाली असती तर बरं वाटलं असतं."

"आता तू थांब," तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

हे सगळं मजेचं चाललं होतं, पण वसाहतीतल्या लोकांचं गाडं अडलेलंच होतं. त्यांनी एकमेकांसाठी शब्द टाकले, तर आमचं गाव म्हणे, त्यांचा शब्द त्यांच्यात. आमच्या गावातल्यानं टाकावा, तर त्यानं त्यांचं काम कधी पाहिलेलंच नाही. काम दिल्याशिवाय काम दिसत नाही आणि दिसल्याशिवाय कुणी देत नाही. दसरा आठ दिवसांवर आला. ती बाई एक दिवस सरळ माझ्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली.

"आबा, माझा मालक दगडाचं काम करतो. आमच्या गावात त्यानं बांधलेल्या इहिरी हायेत. म्हंजे होत्या. तुमी एक शब्द टाका."

चार वर्षांत पहिल्यांदा त्या वसाहतीतलं कुणी माझ्याशी बोललं. मी सुनेला उद्देशून बोललो, कारण बोलणार नाही असं ठरलेलं होतं.

"सूनबाई, त्यांना सांग, न पाहिलेल्या कामाचा शब्द मी टाकत न्हाई."

"मग बघा की येऊन," बाई म्हणाली.

"सूनबाई, त्यांना सांग, त्या इहिरी तळ्यात गेल्या. मी काय बुडी मारू? आन् गायरानावर येऊन बसताना मला विचारलं होतं का?"

 बाई पण सुनेकडं बघूनच म्हणाली, "ताई, आबांना सांगा, आमचं गाव पाण्यात घातलं तवा आमाला पन कुणी विचारलं न्हाई."

मी ओट्यावरच्या कोंबडीला शिव्या दिल्या. कोंबडीची काही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी टिंग वाजलं आणि सूनबाईनं मला वाचून दाखवलं. कंडक्टरनं सूड उगवला होता. माझ्या नावापुढं लिहिलं होतं: विहीर बांधणीत यांच्या तोडीचा माणूस नाही, आजही. शब्द त्याचा. आणि गावाबाहेरच्या रस्त्याला ज्याची मोसंबीची बाग आहे त्या बागवाल्यानं मला बोलावलं होतं. विहिरीची एक बाजू ढासळली, ताबडतोब या.

"नाही म्हणून कळवू का?" सुनेनं विचारलं.

नाही म्हणू? गुडघ्यांनी म्हटलं म्हण. पण फोनात लिहिलं होतं "आजही". आणि ते अख्ख्या गावाला दिसत होतं.

बागवाल्यानं धाडलेल्या मोटारसायकलवर मागं बसून गेलो. पोचलो आणि आत वाकून बघितलं. विहीर माझीच होती. माझा लेक जन्मला त्या साली बांधलेली. पूर्वेच्या अंगाला भिंतीला पोट सुटलं होतं, गाभण म्हशीसारखं, आणि मधले थर निखळून खाली पडले होते. पावसाअभावी पाणी गुडघाभरच. बागवाल्यानं पडलेले दगड काढायला वसाहतीतून चार गडी आणले होते. दगड उचलायला कुणाचा शब्द लागत नाही. त्या चौघांत एक जण गप्प गप्प होता. बाकीचे उचलत होते, हा आधी दगड फिरवून बघायचा, मग उचलायचा. मी ओळखलं. हाच तिचा मालक.

मला काठावर खुर्ची दिली, छत्री दिली. मी वरून सांगायला लागलो. हा दगड तिकडं ठेव, तो इकडं घे, लांब तोंड बाहेर कर. बाकीच्यांनी ऐकलं. हा खाली बसून बांधायला लागला आणि दगड उलटा लावायला लागला.

"अरे ए! लांब तोंड बाहेर म्हनलं ना मी?"

तो वर बघून हसला फक्त आणि पुढचा दगडही तसाच लावला. माझा पारा चढला. "बहिरा हाय का बे?"

मग त्यानं हळूच एक दगड हातानं हलवला. माझ्या काळातला, अजून भिंतीत असलेला. तो लगेच डुगडुगला. मग स्वतः लावलेल्या दगडावर पाय देऊन उभा राहिला. तो हलला नाही.

मला कळायचं ते कळलं. विहिरीचा दगड लांबट असतो. त्याची लांबी मातीत घुसवायची आणि बारीक तोंड बाहेर ठेवायचं, म्हणजे मागून मातीनं कितीही रेटलं तरी तो सुटत नाही. पण तशी बांधलेली विहीर आतून किरकिरी दिसते, बारीक बारीक दगडांची. मी तरणा होतो. मला देखणी विहीर पाहिजे होती. मी दगडाची लांबी बाहेर दाखवली, मोठमोठ्या दगडांच्या ओळी, ओळंब्यात सरळ. लोक बैलगाड्या थांबवून बघायचे. तीस-पस्तीस वर्षं उभी राहिली. आता मातीनं रेटली आणि सुटली. माझ्या डोक्यात बाकीच्या विहिरींचा विचार आला, तो मी लगेच घालवला.

तेवढ्यात बागवाला काठावर आला. "काय आबा, जमतंय का तळ्यावाल्याला?"

मी तोंड उघडायच्या आत तो खालून मोठ्यानं बोलला, "आबा, तुमी मघाशी सांगितलं तसंच लांबी आत घेतोय. असंच ना?"

बघा लबाडी. मी सांगितलं नव्हतं. मी नेमकं उलटं सांगितलं होतं. त्यानं चारचौघांत माझी इज्जत झाकली आणि वर माझ्याकडं बघत राहिला, जणू मीच त्याचा उस्ताद. मी मान डोलावली असती तर सगळं गोड झालं असतं. बागवाला म्हणाला असता, आबांची कला, आणि तो गडी मजूर म्हणून दगड उचलत राहिला असता, आणि दसऱ्याला ट्रॅक्टरवर चढला असता.

पण माझी इज्जत झाकायला मला कुणी उसनं धोतर देऊ नये. मला ते चालत नाही. मी खुर्चीवरून उठलो, गुडघ्यांना शिवी दिली, आणि म्हणालो, "मी तसं सांगितलं न्हाई. तो खोटं बोलतोय. लांबी आत घ्यायची अक्कल त्याची हाय. ही बाजू पडली ती माझ्या चुकीनं."

बागवाल्यानं कान खाजवला. "आबा, ऊन लागलं का तुमाला?"

"ऊन न्हाई लागलं. फोन लाव माझ्या सुनेला."

फोन लागला. मी काठावर उभा राहून ओरडून सांगितलं, म्हणजे विहिरीत पण ऐकू गेलं पाहिजे: "लिही. वसाहतीतला दगडवाला. इहीर बांधणीत माझ्यापेक्षा चांगला. शब्द माझा." मी म्हणालो, "लिहिलं का न्हाई?" ती म्हणाली, "मामा, 'माझ्यापेक्षा' लिहू का खरंच?" मी म्हणालो, "लिही, आन् आता परत विचारू नको, न्हाईतर मी बदलीन."

बागवाल्यानं ती बाजू बांधायचं काम त्यालाच दिलं. दसऱ्याला ट्रॅक्टर आले. वसाहतीतली पंधरा-सोळा घरं गेली, भांडी, कोंबड्या, लेकरं सगळं वर चढवून. ही बाई, तिचा मालक आणि दोन लेकरं, चौघं राहिली. मी सोनं द्यायला गेलो नाही, पण ती बाई आपट्याची पानं घेऊन आली तेव्हा मी हात मागं पण घेतला नाही.

आता वाटेल की झालं. मलाही तसंच वाटलं. पण तो गडी कामाला भलता चपळ निघाला. पूर्वेची बाजू दिवाळीच्या आतच काठाला येऊन भिडली. दिवाळीनंतर ऊसतोडीची माणसं गोळा करणाऱ्या मुकादमाची जीप आली. कारखान्याला कोयते कमी पडले होते, उशिरा येणारेही चालणार होते. पोरीची परीक्षा मार्चात. मधे तीन-चार महिने. ॲपवर माझ्या शब्दामुळं त्याला दोन बोलावणी आली होती, पण ती उन्हाळ्यातली, विहिरी तळाला गेल्यावरची. आत्ता काहीच नाही.

बाई सूनबाईला म्हणाली, "जीप परवा निघती, ताई. घरी बसून काय खायचं?" पोरगी तिच्याशेजारी उभी होती. हातात पुस्तक, बोट पानात घातलेलं. मी तिच्याकडं बघितलं नाही. बघितलं म्हणजे एकदा.

संध्याकाळी कंडक्टरला म्हटलं, "चल, बागवाल्याकडं जायचंय."

"तुझे गुडघे?"

"गुडघे इथंच ठेवून जाऊ."

विहिरीवर गेलो. बागवाला खुशीत होता. नवी बाजू किरकिरी दिसत होती पण डोंगरासारखी घट्ट. तिच्या समोर पश्चिमेची बाजू, माझी, लांब लांब दगडांची, सरळ, देखणी. सूर्य मावळतीला, त्यामुळं तिच्यावर सावली पडलेली, तरी ओळी कशा उठून दिसत होत्या. मी जरा वेळ बघून घेतलं.

"ती बाजू पण पाडा," मी म्हणालो.

"कुठली?"

"पश्चिमेची. उन्हाळ्याच्या आत पाडून परत बांधा. तोच गडी लावा."

"आबा, ती तर नीट हाय! एक दगड हाललेला न्हाई."

"दिसती नीट. बांधली कुणी? मीच ना? मग मला ठाव हाय आत काय हाय ते. जी चूक इकडं, तीच तिकडं. पाऊस पडला की येईल खाली, तुझ्या मोटारीसकट."

बागवाला कंडक्टरकडं बघायला लागला. कंडक्टर आयुष्यभर खोटं तिकीट ओळखत आलेला माणूस. त्यानं माझ्याकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, आणि म्हणाला, "आबा सोताचं काम वाईट म्हणतोय म्हंजे खरंच वाईट असणार. एरवी हा सोताच्या खोकल्याला पण वाईट म्हणत न्हाई."

बागवाल्यानं दोन दिवस विचार केला. जीप निघाली त्या सकाळी त्यानं ॲपवर काम टाकलं. पश्चिमेची बाजू, होळीपर्यंत. फोन वाजला तेव्हा ती बाई गाठोडं बांधून बसली होती. सूनबाई सांगते की तिनं गाठोडं सोडलं आणि सगळ्यात आधी पोरीचं दप्तर बाहेर काढलं. मी तिथं नव्हतो. सून थोडं वाढवून सांगते, म्हणून मी तेवढंच लिहितो.

पश्चिमेची बाजू पाडायला सुरुवात झाली त्या दिवशी मी खुर्ची घेऊन काठावर हजर होतो. वरच्या थरातला पहिला दगड काढायचा होता. त्यानं पहार घातली. दगड हलेना. दुसऱ्या गड्याला बोलावलं. दोघांनी जोर लावला. हलेना. घाम पुसला, हाताला थुंकी लावली, पुन्हा पहार लावली. दुपार झाली.

"आबा," तो खालून म्हणाला, "ही बाजू लई घट्ट हाय हो. ही तर अजून पन्नास वर्सं न्हाई पडायची."

मी इकडंतिकडं बघितलं. बागवाला बागेत होता, त्याला ऐकू आलं नव्हतं.

"हळू बोल बे," मी म्हणालो. "आन् घट्ट असणारच. बांधली कुणी हाय? जोर लाव, जेवून आला न्हाईस का?"